भात्याचे गणित

लहानपणी आमगावात माझी एक आवडती जागा होती, ती म्हणजे लोहाराची पडवी. मृगाच्या आधी नांगराचे फाळ आणि दिवाळीच्या सुमारास धानकापणीचे विळे पाजवून घ्यायला आजूबाजूच्या खेड्यांतली माणसे तिथे येऊन बसत. मला ना फाळात रस होता, ना विळ्यात. मला ओढायचा असे तो भाता. चामड्याचा, घड्याघड्यांचा, काळा पडलेला. दोरी ओढली की तो फुगायचा आणि सोडली की फुस्स करून कोळशांवर वारा सोडायचा. पोरवयातल्या उत्साहाने मी भराभरा दोरी ओढत असे. हात भरून यायचे, पण विस्तव काही फुलायचा नाही. मग लोहारबाबा हसून म्हणायचे, "पोरा, आधी भात्याले भरू दे, मंग सोड."

त्या वाक्यात एक गणित दडलेले आहे, हे कळायला मला पुढची तीस वर्षे लागली. आणि ते कळले तेही पुस्तकातून नव्हे, तर घरातल्या एका दुखण्यातून.

माझ्या मायला दमा होता. उभ्या आयुष्यात तिने विडी ओढली नाही. पण पहाटे चार वाजता चूल पेटवायची, फुंकणीने ओल्या लाकडांत जीव ओतायचा आणि हंगामात धान पाखडायचे, हे तिने चाळीस वर्षे केले. धूर आणि तुसाची धूळ यांनी आपले काम चोख केले होते. दम लागला की ती खाटेच्या कडेवर दोन्ही हात टेकून पुढे वाकून बसे आणि म्हणे, "दम आत जाते रे, पण बाहेर निघत नाही."

मी विज्ञानाचा मास्तर. मुलांना श्वसन शिकवणारा. पण मायचे हे वाक्य मी कधी मनावर घेतले नाही. दमेकऱ्याला हवा कमी पडते, म्हणजे हवा आत जात नसणार, असे मी धरून चाललो होतो. २००३ सालच्या हिवाळ्यात गावात पहाटेचे एक योगशिबिर भरले. ध्वनिक्षेपकावरून सांगितले जात होते की जोरात आणि भराभर श्वास घ्या, छातीत प्राणवायू भरेल, दमा पळून जाईल. मीच मायला घेऊन गेलो. दोन दिवस तिने नेटाने केले. तिसऱ्या दिवशी पाच मिनिटांतच तिचे ओठ निळसर झाले आणि तिला उचलून आणावे लागले. त्या रात्री आम्ही तिला गोंदियाला नेले. तिथे एका डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीमागे पेनने दोन रेघा काढून मला जे समजावले, ते मी पुढे सांगणार आहे. पण त्या दोन रेघा कुठून आल्या, याची गोष्ट फार मोठी आहे आणि तिचा एक महत्त्वाचा धागा आपल्या महाराष्ट्रातून, लोणावळ्यातून जातो.

श्वासाला भात्याची उपमा आपल्याकडे जुनीच आहे. भस्त्रिका या प्राणायामाचे नावच मुळी भात्यावरून आले. हठयोगप्रदीपिकेत त्याची तुलना लोहाराच्या वेगाने चालणाऱ्या भात्याशी केली आहे. युरोपातही सतराव्या शतकात हीच उपमा विचारवंतांच्या हाती लागली. पण तिथे त्यांना एक कोडे पडले होते. हवा आत शिरते म्हणून छाती फुगते, की छाती फुगते म्हणून हवा आत शिरते? इंग्लंडच्या जॉन मेयो याने एका भात्याच्या आत जनावराचे मूत्राशय बसवले, त्याचे तोंड बाहेर ठेवले आणि भात्याला काचेची खिडकी लावली. भाता उघडला की आतले मूत्राशय आपोआप फुगते, हे त्या खिडकीतून दिसे. म्हणजे फुप्फुस स्वतःहून काहीच करत नाही. बरगड्या आणि पडदा मिळून छातीची पेटी मोठी करतात, आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी होतो आणि हवा आत ढकलली जाते. त्याच काळात, १६६७ मध्ये, रॉबर्ट हूकने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे छाती उघडलेल्या कुत्र्याला भात्याने वारा देऊन जिवंत ठेवून दाखवले. आजचा प्रयोगशाळेचा नियम लावला तर तो प्रयोग क्रूरच म्हणावा लागेल. पण श्वासोच्छ्वासाचे हलणारे यंत्र आणि ताज्या हवेची गरज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याने दाखवून दिले.

यंत्र म्हटले की मोजमाप आले. १८४६ मध्ये जॉन हचिन्सन या इंग्रज डॉक्टरने पाण्यात तरंगणाऱ्या पिंपाचे एक उपकरण वापरून २१३० माणसांची फुंकर मोजली. पूर्ण श्वास घेऊन पूर्ण सोडला तर किती हवा निघते, हा आकडा माणसाच्या उंचीबरोबर वाढतो आणि छातीच्या आजारात घटतो, असे त्याला आढळले. त्याच उपकरणाचे वंशज आज प्रत्येक छातीरोग विभागात असतात. पण हचिन्सन हवेचे आकारमान मोजत होता. ती हवा आत ओढायला जोर किती लागतो, दाब किती बदलतो, हा प्रश्न पुढे बराच काळ तसाच राहिला.

आता लोणावळ्याकडे येऊ. जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म १८८३ मधला, गुजरातेतल्या डभोईचा. १९०३ मध्ये मॅट्रिकला त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकराव यांच्याकडे ते तयार झाले आणि पुढे खानदेशात अमळनेरला राष्ट्रीय शिक्षणाच्या कामात पडले. १९१९ मध्ये नर्मदाकाठच्या मालसर येथे परमहंस माधवदासजी त्यांना गुरू म्हणून भेटले. हेच गुणे पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने ओळखले गेले.

इथपर्यंतची कथा अनेक साधकांची असते. वेगळेपण यापुढे आहे. गुरूकडून शिकलेल्या क्रियांचा शरीरावर नेमका काय परिणाम होतो, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते. १९२०-२१ मध्ये बडोद्याच्या रुग्णालयातल्या प्रयोगशाळेत आपल्या काही विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी उड्डियान आणि नौली यांचा अभ्यास सुरू केला. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे इंग्रजी त्रैमासिक काढले. त्यात आसनांच्या चित्रांशेजारी क्ष-किरणांची चित्रे आणि दाबाचे आकडे छापले जात. एका आश्रमाच्या नियतकालिकात पाऱ्याच्या दाबमापकाची नोंद असावी, ही त्या काळी नवलाचीच गोष्ट होती.

त्यांनी काय मोजले, ते नीट समजून घेण्यासारखे आहे. हठयोग्यांची बस्ती नावाची एक क्रिया आहे. पाण्यात बसून साधक कोणत्याही पंपाशिवाय मोठ्या आतड्यात पाणी ओढून घेतो. हे पाणी वर चढते कसे? कुवलयानंदांनी आतड्यात नळी घालून तिचे दुसरे टोक दाबमापकाला जोडले आणि साधकाला नौली करायला लावली. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी झालेला दिसला. म्हणजे पोटात अंशतः निर्वात अवस्था तयार होत होती आणि पाणी वर ढकलण्याचे काम बाहेरची हवा करत होती. गुरूच्या स्मरणार्थ त्यांनी या अवस्थेला 'माधवदास व्हॅक्यूम' असे नाव दिले.

यातले तत्त्व अगदी भात्याचेच आहे. उड्डियानात श्वास पूर्ण सोडायचा, घसा बंद करायचा आणि श्वास घेतल्यासारख्या बरगड्या उचलायच्या. भाता उघडला, पण तोंड मिटलेले. आत समजा दीड लिटर हवा उरली आहे. बरगड्या उचलून तिची जागा फक्त ७५ मिलिलिटरने, म्हणजे वीसाव्या हिश्श्याने वाढवली, तर बॉयलच्या नियमाने दाबही जवळपास तेवढ्याच प्रमाणात उतरतो. ७६० मिलिमीटर पाऱ्याच्या स्तंभात सुमारे ३६ मिलिमीटरची घट. चहाच्या अर्ध्या कपाएवढ्या जागेने एवढा फरक पडतो! वर छातीत दाब उतरला की पडदा वर खेचला जातो आणि पोट आत जाते. नौलीत पोटाचे सरळ स्नायू पुढे काढले की खाली आतड्यातला दाबही उतरतो. दाब आणि आकारमान यांची जोडी लावून पाहिली तर योग्याच्या पोटातले गूढ शाळकरी पुस्तकातल्या नियमात बसते. कुवलयानंदांना त्यामुळे योगाचा दर्जा खाली आला असे वाटले नाही. उलट, क्रिया खरी आहे म्हणूनच ती मोजता येते, ही त्यांची भूमिका होती.

पण मला स्वतःला त्यांच्या ज्या गोष्टीबद्दल सर्वांत जास्त आदर वाटतो, ती वेगळीच आहे. प्राणायामाने शरीराला जास्त ऑक्सिजन मिळतो, हा समज तेव्हाही होता आणि आजही आहे. योगाचा प्रचार करायला निघालेल्या माणसाने तो आनंदाने उचलला असता. कुवलयानंदांनी श्वासातल्या वायूंची तपासणी केली आणि प्राणायामाचे मोल ऑक्सिजनच्या हिशेबात बसत नाही, असे सांगितले. त्यांच्या मते ते मज्जासंस्थेवरच्या आणि दाबाच्या परिणामांत शोधायला हवे होते. आपल्याच बाजूचा एक सोयीचा युक्तिवाद त्यांनी आपल्याच हाताने बाजूला ठेवला.

आज हे पटवणे सोपे झाले आहे. २०२०-२१ च्या करोनाकाळात बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरोघरी पोचला. निरोगी माणूस स्वस्थ बसला असता त्यावर ९६, ९७, ९८ असे आकडे दिसतात. म्हणजे साध्या श्वासानेच रक्तातला ऑक्सिजनचा माठ जवळजवळ काठोकाठ भरलेला असतो. भरल्या माठात आणखी घागर ओतली तर पाणी वाहून जाणार, माठ मोठा होणार नाही. शिवाय भराभर ओतायचे कष्ट वेगळेच. येल विद्यापीठातून कोवूर बेहनन हा मूळचा केरळी संशोधक तिशीच्या दशकाच्या आरंभी लोणावळ्याला येऊन राहिला आणि १९३७ मध्ये त्याने योगाच्या वैज्ञानिक परीक्षणावर पुस्तक लिहिले. उज्जायी करताना त्याच्या स्वतःच्या शरीराचा ऑक्सिजनचा वापर सुमारे २४ टक्क्यांनी वाढलेला त्याला आढळला. जाणीवपूर्वक घेतलेला श्वास फुकट मिळत नाही, त्याची किंमत शरीराला मोजावी लागते.

ही किंमत नेमकी कशी ठरते? इथे आपण थोडा हिशेब करू. कागद-पेन्सिल नको, तोंडीच होईल.

साधारण माणूस एका श्वासात अर्धा लिटर हवा घेतो, मिनिटाला सुमारे बारा वेळा. म्हणजे मिनिटाला सहा लिटर. पण प्रत्येक श्वासातली सुमारे १५० मिलिलिटर हवा नाक, घसा आणि श्वासनलिकांतच अडकते. लग्नाला आलेले काही पाहुणे मांडवाच्या दारातूनच परत जावेत, पंगतीपर्यंत पोचूच नयेत, तसे तिचे होते. रक्ताशी देवघेव होते ती उरलेल्या ३५० मिलिलिटरची. बारा वेळा ३५० म्हणजे ४२००, सव्वाचार लिटरला थोडे कमी. आता त्याच माणसाने उथळ आणि भराभर श्वास घेतला, अडीचशे मिलिलिटर आणि मिनिटाला चोवीस वेळा, तर एकूण हवा तेवढीच, सहा लिटर. पण पंगतीला बसली शंभर गुणिले चोवीस, म्हणजे जेमतेम २४०० मिलिलिटर. आणि एकेक लिटरचे सहाच श्वास घेतले, तर ८५० गुणिले सहा, म्हणजे ५१००. एकूण वारा सारखाच, उपयोग मात्र दुपटीहून अधिक. लोहारबाबांचे "भात्याले भरू दे" ते हेच.

मग आपण सगळेच मिनिटाला सहा खोल श्वास का घेत नाही? कारण हिशेबाची दुसरी बाजू अजून मांडलेली नाही. ती मांडली स्वित्झर्लंडच्या फ्रिट्झ रोहरर याने, १९१५ मध्ये, पहिले महायुद्ध चालू असताना. शवविच्छेदनातून मिळालेल्या फुप्फुसातल्या श्वासनलिकांच्या फांद्यांची मापे घेऊन त्यांतून हवा जायला किती अडथळा होतो, याचे गणित त्याने मांडले. वारा हळू असेल तर अडथळा वेगाच्या प्रमाणात वाढतो, जोरात असेल तर भोवरे होऊन वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. इकडे कुवलयानंद बडोद्यात आणि लोणावळ्यात दाब मोजू लागले, त्याच्या काही वर्षे आधीच तिकडे हे सूत्र लिहिले गेले होते.

रोहररचे काम पुढे विस्मृतीत गेले. ते पुन्हा वर आणले दुसऱ्या महायुद्धाने. विमाने इतकी उंच उडू लागली की वैमानिकाला दाबाखाली ऑक्सिजन द्यावा लागे. छाती तो दाब किती सोसते, हे शोधायचे काम अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठातल्या वॉलेस फेन, हर्मन राह्न आणि आर्थर ओटिस यांच्याकडे आले. १९४६ मध्ये त्यांनी छातीचा दाब आणि आकारमान यांचा आलेख प्रसिद्ध केला आणि १९५० मध्ये माणसाच्या श्वासाच्या यंत्रशास्त्रावरचा तो प्रसिद्ध लेख लिहिला. त्याचा गाभा एका ओळीत सांगता येतो. श्वासाला लागणारा जोर दोन भागांचा असतो. एक भाग छाती आणि फुप्फुसे ताणायला लागतो, तो श्वास किती खोल आहे यावर ठरतो. दुसरा भाग नळ्यांतून हवा पुढे सारायला लागतो, तो हवेच्या वेगावर ठरतो. भात्याच्या भाषेत सांगायचे तर एक चामड्याचा ताण आणि दुसरी नळीची अडचण.

आता दोन्ही बाजू जुळवून पाहा. श्वास दुप्पट खोल केला तर एका श्वासाला ताणण्याचे कष्ट चौपट होतात. म्हणून फार खोल, फार सावकाश श्वास परवडत नाही. फार भराभर घेतला तर नळीतला अडथळा वाढतो आणि पाहुणे मांडवाच्या दारातून परत जातात. म्हणून तेही परवडत नाही. या दोन टोकांमध्ये कुठेतरी कमीत कमी कष्टांचा बिंदू असतो. ओटिस, फेन आणि राह्न यांच्या गणितातून तो मिनिटाला पंधराच्या आसपास निघाला. आपण झोपेत असताना, काहीही मोजत नसताना, शरीर जवळपास याच गतीने श्वास घेत असते. ज्या गणिताला माणसाला तीनशे वर्षे लागली, ते शरीर आपोआप सोडवते.

यातूनच आजाराची भाषाही वाचता येते. न्यूमोनियात फुप्फुस ताठर होते, म्हणजे ताणणे महाग पडते. शरीर मग खोलीवरचा खर्च कमी करून गती वाढवते. म्हणून आमच्या भागातली आशाताई तापाच्या पोराच्या छातीकडे घड्याळ लावून पाहते. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे श्वास मिनिटाला पन्नास किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे चाळीस किंवा जास्त भरले, तर ती लगेच दवाखान्यात न्यायला सांगते. त्या साध्या मोजणीच्या मागे हेच गणित उभे आहे. कोणतेही यंत्र नसलेल्या खेड्यात ते पोरांचे प्राण वाचवते.

दम्याचे मात्र उलटे आहे. आणि इथे मी त्या रात्रीकडे परत येतो.

मायला ऑक्सिजन आणि औषध दिल्यावर गोंदियाच्या त्या डॉक्टरांनी चिठ्ठीच्या पाठीमागे दोन रेघा काढल्या. पहिली झपकन खाली आलेली, दुसरी रेंगाळत उतरलेली. म्हणाले, "मास्तर, हा श्वास सोडण्याचा आलेख आहे. निरोगी माणसाचा श्वास पाण्याच्या पिंपाचा नळ पूर्ण सोडल्यासारखा उतरतो. आईंचा नळ अर्धा बंद आहे."

मग त्यांनी आकडे सांगितले. नळीचा अडथळा आणि फुप्फुसाचा सैलपणा यांचा गुणाकार केला की एक वेळ निघतो. निरोगी माणसात तो सेकंदाचा पाचवा हिस्सा असतो. तेवढ्या वेळात साठलेल्या जादा हवेपैकी सुमारे ६३ टक्के निघून जाते, त्याच्या तिप्पट वेळात ९५ टक्के. म्हणजे निरोगी छाती पाऊण सेकंदाच्या आत रिकामी. पण नळी अरुंद झाली तर? संथ वाऱ्यासाठी नियम असा आहे की नळीची त्रिज्या निम्मी झाली की अडथळा सोळा पट होतो. आपण सोळा नको, फक्त पाच पट धरू. मग तो वेळ एक सेकंद झाला आणि छाती रिकामी व्हायला तीन सेकंद हवेत. शिबिरात मिनिटाला तीस श्वास चालले होते. एका श्वासाला दोन सेकंद, त्यातला सोडायला जेमतेम एक. एका सेकंदात ६३ टक्केच हवा निघाली, तिसऱ्या हिश्श्याहून अधिक आतच राहिली आणि तिच्यावर पुढचा श्वास येऊन बसला. पिंप रिकामे होण्याआधीच दुसरी बादली ओतली. त्याच्यावर तिसरी. छाती फुगत जाते, पिंपासारखी ताठ होते, पडदा सपाट होतो आणि आणखी हवा ओढायला त्याच्यात जोरच उरत नाही.

"दम आत जाते, पण बाहेर निघत नाही." माय जे कित्येक वर्षे सांगत होती, ते निदान होते. मी विज्ञानाचा मास्तर असून मला ते ऐकू आले नव्हते.

मी विचारले, "मग तिने जोर लावून श्वास बाहेर काढावा का?" ते म्हणाले, "तेही नाही. जोर लावला की छातीतला दाब त्या मऊ पडलेल्या नळ्यांनाच बाहेरून चेपतो. जितका जोर, तितकी नळी बंद. औषध वेळेवर घ्यायचे, आणि सोडायला वेळ द्यायचा. बशीतल्या चहावर फुंकर घालतो ना, तसा ओठांचा चंबू करून सावकाश सोडायचा." ओठ आवळून सोडले की नळ्यांच्या आत थोडा दाब टिकतो, त्या उघड्या राहतात आणि गतीही आपोआप कमी होते.

हे वाचून कोणी प्राणायामाविरुद्ध निष्कर्ष काढू नये. त्या रात्रीनंतर मी हठयोगप्रदीपिका पुन्हा उघडली. तिथे स्पष्ट सांगितले आहे की श्वास सिंह, हत्ती, वाघ यांना माणसाळवावे तसा हळूहळू वश करायचा असतो. आणि चुकीच्या अभ्यासाने उचकी, दमा, खोकला, डोके-कान-डोळे यांचे दुखणे असे विकार जडतात. म्हणजे ग्रंथकाराने धोक्याची पाटी लावून ठेवली होती. ध्वनिक्षेपकावरून ती वाचली गेली नाही, आणि मीही ती वाचली नव्हती. कुवलयानंदांनी आयुष्यभर जी शिस्त पाळली तीही हीच. आधी मोजा, मग सांगा. आणि मोजल्यावर आपलेच मत चुकीचे ठरले तर तेही सांगा. १९६६ मध्ये ते गेले, पण कैवल्यधामात श्वासावरचे संशोधन त्यानंतरही होत राहिले.

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत गोंदियातल्या आणि नागपूरच्या अतिदक्षता विभागांबाहेर आपल्यापैकी कितीतरी जण बसले होते. आत व्हेंटिलेटरच्या पडद्यावर तीन रेषा सरकत होत्या. एक दाबाची, एक हवेच्या वेगाची आणि एक आकारमानाची. मेयोचा भाता, हचिन्सनचे पिंप, रोहररचा अडथळा आणि रॉचेस्टरचे ते एका ओळीचे समीकरण असे सगळे त्या तीन रेषांत एकत्र आलेले होते. ताठर फुप्फुसाला छोटे श्वास द्यायचे आणि दमेकऱ्याला सोडायला जास्त वेळ द्यायचा, हे डॉक्टर त्या रेषा वाचूनच ठरवतात. श्वास सोडण्याची रेषा शून्याला टेकण्याआधीच पुढचा श्वास सुरू झालेला दिसला, की आत हवा साठते आहे हे त्यांना कळते. यंत्राच्या पडद्यावरची ती खूण म्हणजे मायचेच वाक्य आहे, फक्त रेघेत लिहिलेले.

त्या रात्रीनंतर माय आणखी आठ वर्षे जगली. चूल सुटली, गॅस आला, पण तो तसा उशिराच आला. दम लागला की ती खाटेच्या कडेवर बसे, ओठांचा चंबू करी आणि सावकाश, फार सावकाश श्वास सोडी. मी शेजारी बसून मनात आकडे मोजत असे. एक, दोन, तीन. नातवंडे विचारत, "आजी काय फुंकते?" ती म्हणे, "काही नाही रे, चूल विझवतो."

लोहारबाबांची ती पडवी आता नाही. तिथे वेल्डिंगचे दुकान आहे आणि हवा विजेच्या पंख्यातून येते. भाता कुणाच्याच घरी उरला नाही. पण प्रत्येकाच्या छातीत एक आहे. तुमच्या घरात कुणी दमेकरी असेल, तर त्याला "जोरात घे" असे सांगण्याआधी तो काय सांगतो आहे ते नीट ऐका. आणि श्वास सोडायला त्याला किती वेळ लागतो, तेवढे घड्याळ लावून एकदा पाहा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)